डावा गाल

अण्णांनी "आ" केला आणि शर्वरीची तीन बोटं त्यांच्या तोंडात सहज गेली. वर्षापूर्वी चमचासुद्धा जात नव्हता. सुपारीने डाव्या गालाचं अस्तर वादीसारखं आवळलं होतं, उजवा गाल थोडक्यात बचावला होता. अण्णांच्या पेशी नवं अस्तर वाढवण्याच्या लायकीच्या उरल्या नव्हत्या, म्हणून लेकीच्या गालातला कण घेऊन प्रयोगशाळेत अस्तर वाढवलं आणि त्यांच्या डाव्या गालाला आतून शिवलं.

बोटं बाहेर आली ती कातानं लाल होऊन.

"अण्णा, परत पान?"

"जेवल्यावर एकच. चुना कमी लावतो."

"आणि तंबाखू?"

अण्णा खिशातली चंची चाचपू लागले.

"समजावून झालं, हात जोडून झाले. आता डोकं आपटून घेऊ का मी? अहो, ते अस्तर माझं आहे. माझ्या गालात तंबाखू धरताय तुम्ही."

हे मात्र अण्णांना लागलं. मग त्यांनी चंची उघडली, विडा लावला आणि जिभेनं तो जपून उजव्या गालात सारला.

"इकडचा माझाच आहे," ते म्हणाले.