चौदाव्या भागाचं परीक्षण

खाडकन दार पडलं आणि गहिनीनाथ पिंजऱ्यात अडकला. शेजारच्या कप्प्यातली शेळी त्याच्याकडं असं बघायला लागली, जणू पाहुणा उशिरा आला म्हणून रुसलीय.

काष्टीजवळच्या उसाच्या कडेला वनखात्यानं बिबट्यासाठी लावलेला पिंजरा. 'रानवाघीण, भाग चौदा' या सिनेमात हाच राक्षसाची गुहा झाला होता. ही लबाडी जागेवरूनच लोकांना दाखवावी म्हणून गहिनीनाथ मोबाईल धरून आत शिरला आणि त्याचा पाय नेमका दार पाडणाऱ्या फळीवर पडला.

तालुक्यात त्याचं परीक्षण म्हणजे शेवटचा शब्द. तो हसला की जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूकडं कुत्रं फिरकत नसे. तेरा भाग त्यानं असेच झोपवले होते.

सिनेमा काढणारी सत्यशीला त्याच्या मागोमाग आली होती; ती समोरच उभी होती, उसाकडं पाठ करून. एरवी लग्नाच्या शूटिंगा करायची. तिनं दाराला हात लावला नाही. कॅमेरा खांद्यावर घेतला.

"सिनेमा चांगला हाय म्हना भाऊ, लगीच दार उचलते."

"मरंन, पर खोटं बोलनार न्हाई."

"मग खटकलं काय, ते तरी सांगा."

"उसाचं जंगल केलं, कुत्र्याचा लांडगा केला, समदं गिळलं. पर ताई, एकाच्या बी तोंडावर भीती न्हाई. राक्षस आला तरी च्या घेनार का इचारतील अशी तोंडं!"

एवढ्यात मघापासून ओरडणारी शेळी थांबली. वारा नव्हता, तरी सत्यशीलाच्या मागचा ऊस हलला. ठिपक्याठिपक्यांचं एक अंग बांधावर येऊन अलगद बसलं.

गहिनीनाथनं गज धरले. दार आतून उचलायची सोय बिबट्यासाठी ठेवलेली नसते. त्याच्यासाठी कुठून असणार!

"ताई, मागं बघा!"

"ह्यो डायलॉग पैल्या भागापासनं हाय," भिंगावरचा डोळा न काढता ती म्हणाली. "तुमीच नावं ठिवली हुती. मागं बघ म्हनल्यावर न बघनारं येडं कुठं असतं म्हून."

बांधावर शेपटी एकदा हलली.

"सिनेमा चांगला हाय!" गहिनीनाथ किंचाळला. "लई चांगला हाय, ताई!"

"आता कसं!" सत्यशीला हरखली. "ही भीती मला चौदा भागांत गावली न्हाई. पुन्यांदा म्हना, भाऊ, समदा पिंजरा घेते."

आणि कॅमेरा तसाच धरून ती एक पाऊल मागं सरकली.