दुर्गाबाईंनी चाखलेली चटणी

"तीन वाट्या मांडतो," अश्विन म्हणाला. "एकीत आपली चटणी, एकीत मीठ दुप्पट, अन् एकीत लसूणच नाही. तू फक्त चाखाचं अन् सांगाचं. कोणती कुठं आहे, ते मले अन् मॅडमले ठाऊक."

"कवा?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"तीन वाजता, मोबाइलवर व्हिडिओ लावून. अर्धा तास आहे."

"बरं," त्या आपल्या मुलाला म्हणाल्या आणि त्यांनी डोक्यावरची जाळीची टोपी उगाच पुन्हा नीट केली.

अमरावतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या या शेडमधून जवसाची चटणी नेदरलँड्सला जात होती. तिथल्या एका किराणा साखळीच्या दुकानांत तिच्या बाटल्या फळीवर उभ्या असत. बाटलीवर दुर्गाबाईंचा डोक्यावर पदर घेतलेला फोटो आणि खाली छापलेलं, 'प्रत्येक घाणा दुर्गाबाईंनी स्वतः चाखलेला.' ज्या बाईचा फोटो आजवर रेशनकार्डापलीकडे गेला नव्हता, तिचं तोंड आता परदेशातली माणसं जेवणाच्या टेबलावर बघत होती.

पण गेल्या महिन्यात तिकडच्या गिऱ्हाइकांनी तक्रार केली, की चव पूर्वीसारखी राहिली नाही. दुकानवाल्या मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. चाखणाऱ्या बाईंची परीक्षा घेऊ, असं त्यांनी कळवलं. पास झाल्या तर पुढच्या वर्षाचा माल घेऊ, नाही तर आत्ता आलाय तोच शेवटचा. शेडमध्ये बडनेऱ्याहून येणाऱ्या अकरा बाया कामाला होत्या. दुर्गाबाई नापास झाल्या, तर त्यांचंही काम त्याच दिवशी संपणार होतं.

"त्या लोकायले आपली चव काय समजते?" अश्विन सकाळपासून म्हणत होता. बोलायला त्याचं काय जात होतं! पोटातल्या अल्सरमुळे डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच त्याचं तिखट बंद केलं होतं आणि तो दहीभातावर जगत होता. कामाच्या बायांना चाखायची बंदी होती. तोंडाला मास्क, हातात मोजे, हा तिकडचाच नियम.

चाखायच्या त्या दोघीच, दुर्गाबाई आणि त्यांची सून ज्योत्स्ना.

घाणा निघाला की दोघी समोरासमोर उभ्या राहत. एक चिमूट सासूच्या जिभेवर, एक सुनेच्या. ज्योत्स्ना सासूच्या तोंडाकडे टक लावून बघायची, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी. "शिकून राहिली," दुर्गाबाई कौतुकानं सांगत. पोरगी होतीच नेमाची. घरच्या भाजीतसुद्धा ती मीठ चमच्यानं मोजून टाकायची. शिकलेल्या पोरींचं असंच असतं, असं म्हणून दुर्गाबाई सोडून देत.

पण त्या एक गोष्ट लपवत होत्या. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात घरात ताप शिरला. सासू-सून एकाच खोलीत आठ दिवस पडून होत्या. ताप उतरला आणि जाताना दुर्गाबाईंची चव घेऊन गेला. मिरची नुसती जाळायची, गूळ नुसता दाताला चिकटायचा. येईल परत हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. ती आलीच नाही. त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. फोटो छापून झाले होते, बाटल्या बोटीवर चढल्या होत्या. भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त लाज.

मग त्यांनी एक युक्ती काढली. चिमूट जिभेवर ठेवायची आणि ज्योत्स्नाकडे बघायचं. तिच्या कपाळाला आठी पडली की म्हणायचं, "मीठ जादा झालं, जवस वाढवा." तिनं ओठ दुमडले की, "लसूण कमी पडला." चेहरा शांत असला की, "भरा." सुनेची जीभ चोख आहे, यावर त्यांचा पूर्ण भरवसा होता. गंमत एवढीच, की ज्या दिवशी दुर्गाबाईंचं डोकं दुखायचं, नेमकी त्याच दिवशी मिठाची गडबड निघायची.

आज मात्र मोबाइलसमोर एकटीनं बसायचं होतं.

पावणेतीनला त्यांनी ज्योत्स्नाला गोदामात नेलं. अकोल्याहून सकाळीच आलेल्या जवसाच्या पोत्यांमागे दोघी उभ्या राहिल्या.

"काय झालं आई? अशा घाबरल्यासारख्या काहून दिसून राहिल्या?"

"पोरी, एक सांगतो, पण अश्विनले सांगू नोको. मले चव लागत नाही. त्या तापापासून. काहीच लागत नाही."

ज्योत्स्नानं मागच्या पोत्याला हात टेकला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. फसवलं म्हणून पोरीला धक्का बसला, असं दुर्गाबाईंना वाटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रागावू नोको व माय. दोन वर्सं मी तुयाच तोंडाकडं पाहून सांगत होती. तुया कपाळाले आठी पडली की मीठ जादा. बाटलीवर फोटो माया हाय, पण जीभ तुयी. आज एवढंच कर. मोबाइलच्या मागं उभी राय. मी चाखली की तूबी चाख, अन् रोजच्यासारखं तोंड कर. बाकी मी पाहून घेतो."

"आई!" बाहेरून अश्विनची हाक आली. "ये लवकर, मॅडम आल्या फोनवर!"

दुर्गाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्या सुनेचा हात धरून निघाल्या. ज्योत्स्ना जागची हलली नाही.

"चाल ना व."

"आई," ज्योत्स्ना म्हणाली, "तो ताप मलेबी आला होता. मी त तुमच्या तोंडाकडं पाहून आठी घालत होती."