अडचणींचा रकाना

तपासणीच्या बाई दारात आल्या तेव्हा मोजे विणायचं मशीन चालू होतं. फिटरने ते तसंच चालू ठेवलं आणि स्टूल बाहीनेच पुसून पुढे सरकवलं.

मोज्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा बेकार झालेल्यांना, त्यात या फिटरलाही, सरकारने स्वतःचा धंदा काढायला एकेक मशीन दिलं होतं. वर्ष झालं. धंदा खरंच उभा राहिला का, हे बघत बाई सकाळपासून पायपीट करत होत्या. दोन ठिकाणी कुलूप, एका ठिकाणी मशीन विकलेलं, तर एकाने त्याच्यावर चक्क गोधडी वाळत टाकलेली.

इथे मात्र राखाडी मोज्यांचे गठ्ठे छताला टेकले होते. फिटरने न विचारताच सगळं सांगितलं. दोन शाळांचं काम हातात होतं, तिसरीचं बोलणं चाललं होतं. सुई कशी बदलतात, टाच कशी वळते, तेही त्याने दाखवलं. बाई चहा नको म्हणाल्या, तोवर आधण ठेवून झालं होतं. बाई एकेका रकान्यात बरोबरची खूण करत गेल्या.

"काही अडचण?" त्यांनी शेवटचा रकाना वाचला.

फिटरने बराच विचार केला.

"कारखान्यात जेवायची घंटा झाली की आम्ही चौदा जण एकत्र बसायचो," तो म्हणाला. "स्वतःच्या डब्यातलं कुणी खायचंच नाही. इथे पहिल्या दिवशी वेळ झाली तसं मशीन बंद केलं आणि डबा घेऊन उभा राहिलो. बराच वेळ उभा होतो."

बाईंचं पेन थांबलं. असलं काही लिहायला यात जागा नाही, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. नसणारच, म्हणत फिटर हसला. आता तो मालक होता. मालकाला कसली आलीय संगत. बाईंनी 'अडचण नाही' असं लिहून खाली सही केली. चहा संपवून त्या उठल्या.

पुन्हा कधी येणार, असं त्याने विचारलं.

"आता नाही, काका. ज्यांचं छान चाललंय त्यांच्याकडे आम्ही परत जात नाही. ज्यांचं अडलंय, त्यांच्याकडे मात्र दर महिन्याला जावं लागतं." त्या जरा हसल्या. "तुम्ही सुटलात."

फिटरने त्यांचा कप उचलला, परत खाली ठेवला. बाई दारात चपला घालत होत्या.

"मॅडम, ते खोडा. मशीन अडतंय असं लिहा."

"अहो, चांगलं तर चाललंय."

"अधूनमधून अडतं."

दोघांनी मशीनकडे पाहिलं. सुया सरसर वरखाली होत होत्या. मोजा एकसारखा खाली उतरत होता.

फिटरने हात लांब करून बटण दाबलं. चाक दोन-तीन फेरे घेऊन थांबलं. खोली इतकी गप्प झाली, की रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाच्या तरी पायांचा आवाज आत आला आणि दूर निघून गेला.

"बघा," तो म्हणाला. "अडलं."