भोंग्यानंतर

अग्निशामक केंद्राचा भोंगा वाजला आणि हॅलोविनची चॉकलेटं मागायची वेळ संपली. 'इथे चॉकलेटं मिळतील' अशी खूण म्हणून लावलेले घरोघरच्या ओसरीवरचे दिवे पटापट विझू लागले. पुढे चाललेल्या पांढऱ्या चादरीचा हात धरून मी म्हणाले, "चला, भूतबाई, घरी." चादरीतून शेजारच्या लोरेनच्या मुलाचं तोंड बाहेर आलं. "काकू, मी आहे." म्हणजे इतका वेळ मी भलत्याच भुताच्या मागे होते. माझी लेक हॅटी कुठे होती? "तरी सांगत होते, पोरांना एकाच ताग्यातलं भूत शिवू नकोस," आमच्यासोबतच फिरणारी लोरेन म्हणाली, पण तीही माझ्याबरोबर निघाली. हाका मारत अंधारात धावलो. हॅटी चौकात, रस्त्याच्या मधोमध, टांगलेल्या दिव्याखाली उभी होती. भरधाव ट्रक तिच्यासमोर करकचून थांबला. मी तिला उचललं. "अगं, इथे का उभी?" "दिवा नसेल तिथे जायचं नाही, तूच म्हणालीस. मग एवढाच दिवा उरला."