एक तारखेचा फोन

निवृत्त झाल्यापासून प्रोग्रामरकाकांचा फोन महिन्यातून एकदा, एक तारखेला सकाळी, हमखास वाजायचा. त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेतल्या शेकडो फाइलींच्या नावांपुढची एक्स्टेन्शन एका दमात बदलणारी, त्यांनीच लिहिलेली स्क्रिप्ट महिना पालटला की अडून बसायची. मग काका दाढी करून, चष्मा पुसून फोनवर एकेक अक्षर सांगायचे: संगणकाच्या काळ्या खिडकीत काय टाइप करायचं, कुठल्या ओळीत मागचा महिना खोडून नवा घालायचा. दोन मिनिटांचं काम ते अर्धा तास पुरवायचे.

या एक तारखेला दुपार झाली तरी फोन नाही. शेवटी त्यांनीच लावला.

"काका, आता तुम्हाला त्रास नाही," तिथली नवी मुलगी म्हणाली. "एक ओळ घातली. चालू महिना कुठला ते स्क्रिप्ट आपलं आपण बघते."

"छान केलंस."

"मी कसलं करतेय, तुमच्याच जुन्या प्रतीतून उचलली. कुणीतरी ती काढून टाकली होती. काढल्याची तारीख तुमच्या निरोपसमारंभाची दिसतेय."

काकांनी चष्मा काढून पुसला.

"कुणी केलं असेल हो हे?"

"असेल कुणीतरी," काका म्हणाले, "दुसऱ्या दिवसापासून घरी बसणारा."