बकरीचं नाव

समुद्री चाच्यांनी पळवलेल्या जहाजावर नाचणगावच्या सुलोचनाबाईंचा रुपेश खलाशी होता. "खंडणीसाठी कुणीही फोन करेल, आवाजाचीही नक्कल होते, मुलालाच ठाऊक असेल असं काही विचारा," असं सरकारी साहेबांनी बजावलं होतं. आज फोन आला, "नौदलातून बोलतोय, मावशी. आमच्या कमांडोंनी सगळ्यांना सोडवलं. घ्या, रुपेशशी बोला." बाईंनी नौदलालाच धारेवर धरलं, "तसं नाई! आधी आमच्या बकरीचं नाव इचारा त्याले!" पलीकडे कुजबुज झाली. अधिकारी चाचरत म्हणाला, "कलेक्टरीण." बाईंनी दावणीची बकरी छातीशी कवटाळली. तेवढ्यात रुपेशचा मिश्कील आवाज आला, "मंग तू माहीच माय कायवरून?" पोराला उठताबसता दिलेली शिवी जहाज पळवल्यापासून त्यांनी अभद्र म्हणून ओठांवर येऊ दिली नव्हती. ती आता गल्लीभर घुमली, "मुडद्या, घरी ये आधी, मंग सांगतो तुले कायवरून ते!"