कपाटाचं कुलूप

“नियम गेला खड्ड्यात, कपाट उघडा,” मी क्लार्ककाकांवर ओरडलो. “चावी मोठ्या बाईंच्या पर्समध्ये आहे, बाई मीटिंगला गेल्यात,” ते म्हणाले. मैत्रिणीचं शेंगदाण्याचं बिस्कीट खाऊन माझी धाकटी बहीण शाळेच्या ऑफिसात सुजत चालली होती, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी तिला घ्यायला आलो होतो. तिचं अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन कपाटाच्या काचेतून दिसत होतं. मी खुर्चीने काच फोडली, सुई तिच्या मांडीत खुपसली आणि दहापर्यंत मोजलं. ती खोकली, मग रडली. “औषध कोणी कुलपात ठेवतं का?” मी पेटलो. काचा गोळा करत काका म्हणाले, “आधी उघड्या ड्रॉवरमध्येच असायचं. मागच्या वर्षी एका कार्ट्याने दुसऱ्याचं इंजेक्शन गंमत म्हणून फुटबॉलमध्ये टोचून संपवलं. तेव्हापासून हे कुलूप.” तो कार्टा मीच होतो; त्याच फुटबॉलपायी मला शाळा सोडावी लागली होती. “अ‍ॅम्ब्युलन्स आली, मला निघायला हवं,” मी एवढंच म्हणालो.